वाढलेल्या वर्षांचं बिल कोण भरतंय?

आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटं काम सांगते. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांचं आधार कार्ड काढा आणि जन्मतारीख बघा. पुष्कळांच्या कार्डावर १ जून किंवा १ जानेवारी सापडेल. १ जून ही मास्तरांनी शाळेत नाव घालताना दिलेली आणि १ जानेवारी ही कॉम्प्युटरनं दिलेली. काही घरांत तर नवरा, बायको, दीर, जाऊ सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी असतो, केक एकच आणला तरी भागतं.

खरं वय विचारलं तर आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचं कॅलेंडर वेगळं असतं. "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जायचे, थोरला कडेवर होता." झालं. यावरून हिशेब आपण करायचा. तेव्हा विशीत असलेली ती बाई आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. आपला नगर जिल्हा त्या दुष्काळात चांगलाच होरपळला होता. (कागदावर २०२४ पासून अहिल्यानगर झालंय, पण बोलताना माझ्या तोंडी नगरच येणार, समजून घ्या.) दुष्काळी कामावर खडी फोडणारी ही बाई ऐंशीपर्यंत जगेल, असा हिशेब तेव्हा कुणीच केला नव्हता. सरकारनं नाही, घरच्यांनी नाही आणि तिनं स्वतःही नाही. ती जगली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण या वाढलेल्या वर्षांचं बिल नक्की कोण भरतंय, हा आजचा विषय.

आधी आकड्यांतली एक गफलत काढून टाकू. शाळेत आपण वाचतो की स्वातंत्र्याच्या वेळी भारतात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं आणि आता ते ७० च्या घरात आहे. यावरून वाटतं, पूर्वी माणसं बत्तिशीतच म्हातारी होऊन जायची. तसं नव्हतं. एका घरात दोन मुलं जन्मली, एक महिन्याच्या आत गेलं आणि दुसरं ऐंशी वर्षं जगलं, तर सरासरी येते चाळीस. चाळिसाव्या वर्षी मेलं कुणीच नाही! म्हातारी माणसं तेव्हाही होती, फक्त म्हातारपणापर्यंत पोचणारी कमी होती. म्हणजे आयुष्य वाढलं ते मुख्यतः पाळण्याच्या टोकाला. आणि ते कसं वाढलं, याचं जगभर सांगितलं जाणारं एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. जामखेडचं.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं १९७० मध्ये जामखेडला आलं. वेल्लोरला डॉक्टरकी शिकलेले, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. त्या वेळी जामखेडच्या खेड्यांत हजारी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. जवळजवळ सहातलं एक. आरोळ्यांच्या लक्षात आलं की या मुलांना मोठा दवाखाना वाचवू शकत नाही, कारण ती दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. मग त्यांनी गावागावांतून एकेक बाई निवडायला सांगितली. निवड गावानं करायची. यातल्या कित्येक जणी कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या, कित्येक दलित समाजातल्या होत्या. त्यांना शिकवलं काय? बाळंतपणात हात आणि ब्लेड स्वच्छ कसं ठेवायचं, हगवण लागली तर मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, मुलाचं वजन कसं करायचं, लस कधी टोचायची. एवढंच. पुढच्या दोन-अडीच दशकांत बाळं दगावण्याचा तो आकडा तिशीच्या खाली आला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि दूरदूरच्या देशांतली माणसं शिकायला जामखेडला येऊ लागली.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आयुष्य वाढवायला मशीन लागलं नाही. लागली ती घरोघर जाणारी, ओळखीची आणि पुन्हापुन्हा येणारी बाई. ही गोष्ट डोक्यात ठेवा, मी नंतर तिच्याकडे परत येणार आहे.

आता दुसऱ्या टोकाकडे जाऊ. आज भारतात साठीला पोचलेला माणूस सरासरी आणखी अठरा वर्षं जगतो. अठरा! जन्मल्यापासून बारावी पास होईपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढा. एवढ्या काळात खायचं काय, औषध कशातून घ्यायचं?

सरकारी नोकरी असेल तर ठीक. जुन्या पेन्शनमध्ये महागाई भत्ता वाढतो तशी पेन्शन वाढते. म्हणून तर २००५ नंतर लागलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी मार्च २०२३ मध्ये "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत अख्खं राज्य आठवडाभर थांबवलं. तुमच्यापैकी अनेकांना तेव्हा ते हावरटपणाचं वाटलं असेल, मीम्स मीही पाहिले. पण मुद्दा किती रुपये एवढाच नव्हता, ते रुपये महागाईबरोबर वाढणार की नाही हा होता.

कारण दुसरी पेन्शन बघा. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची गर्दी आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी कारखाना उभा केला, १९५० पासून तिथं गाळप सुरू झालं आणि मग एकामागून एक कारखाने आले. कारखान्यातले कामगार, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, सहकारी बँकांचे कारकून, या सगळ्यांची पेन्शन म्हणजे ईपीएस-९५. नोव्हेंबर १९९५ मध्ये सुरू झालेली. तिचं सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. आणि इथं पगार म्हणजे तुमचा खरा पगार नाही, त्याला मर्यादा आहे. २०१४ पर्यंत ती ६,५०० रुपये होती, नंतर १५,००० झाली. समजा एखादे काका योजना सुरू झाल्यापासून पंधरा वर्षं भरून २०१० मध्ये निवृत्त झाले. साडेसहा हजार गुणिले पंधरा, भागिले सत्तर. हातात आले १,३९३ रुपये महिना. जुन्या नोकरीचे थोडे वर. बस.

आणि ही रक्कम तिथंच गोठते. महागाई भत्ता नाही. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर बारा वर्षांत किमती दुप्पट होतात (७२ भागिले व्याजदर, हा हिशेब पाठ करून ठेवा, आयुष्यभर कामाला येतो). वीस वर्षांनी त्या १,३९३ रुपयांत निवृत्तीच्या दिवशीच्या साधारण ४३४ रुपयांएवढाच माल येईल. म्हणजे काका जितके जास्त जगणार तितके गरीब होत जाणार. बीपी वाढतं, गोळ्या वाढतात, पेन्शन आतून पोकळ होत जाते. सप्टेंबर २०१४ मध्ये सरकारनं किमान पेन्शन १,००० रुपये केली, त्यालाही दशक उलटून गेलं. साडेसात हजार आणि वर महागाई भत्ता मागत ही म्हातारी माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत आंदोलनं करतात. बातमी आतल्या पानावर येते.

पण थांबा, हेही नशीबवानच म्हणायचे. कारण जिल्ह्यातल्या बहुतेक माणसांना निवृत्ती हा शब्दच लागू नाही. शेतकरी रिटायर होत नाही, फार तर बांधावर बसून पोराला शिव्या घालतो. आणि ऊसतोड कामगार? पाथर्डी, शेवगाव, जामखेड या पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रक आणि ट्रॅक्टर भरून जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडेपर्यंत तोडायचं. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. पन्नाशी यायच्या आत गुडघे आणि कंबर संपते. पेन्शन शून्य. मग ही माणसं गावी राहतात, पण आरामात नाही. पोरगा-सून कोयत्यावर गेले की पाच-सहा महिने नातवंडांची शाळा, दोन शेरडं, एखादी गाय, पाणी भरणं, सगळं म्हाताऱ्यांवर. आपण म्हणतो मुलं म्हाताऱ्यांना सांभाळतात. त्या वाड्यावस्त्यांवर सहा महिने म्हातारी माणसं गाव सांभाळतात.

२०२३ मध्ये फ्रान्समध्ये निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करायचं ठरलं तर लाखो लोक रस्त्यावर उतरले. बरोबरच केलं त्यांनी, माझी काही तक्रार नाही. पण भांडण कशावर, तर कधी थांबायचं यावर. पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यात थांबण्याची तारीखच नाही.

आता सरकारी योजनांमधली एक विचित्र फट सांगते. लाडकी बहीण योजना सगळ्यांना माहीत आहे. २०२४ मध्ये सुरू झाली. वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, महिना १,५०० रुपये. आता बाई ६५ ओलांडते. नाव गेलं. त्यापुढे तिच्यासाठी आहे श्रावणबाळ योजना. तिथंही १,५०० रुपयेच, पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये. वर्षाला! भागाकार करा, दिवसाला ५८ रुपयेही होत नाहीत, आणि तेही अख्ख्या कुटुंबाचे. म्हणजे ६४ व्या वर्षी अडीच लाखवाल्या घरातली बाई मदतीला पात्र, आणि ६५ नंतर, जेव्हा तिचे हातपाय चालेनासे होतात, तेव्हा पात्र राहायला घरात जवळजवळ काहीच नसावं लागतं. आणि हे सगळं ठरणार कशावर? आधारवरच्या त्या १ जानेवारीवर. यात मी कुठल्या पक्षाचं बोलत नाहीये, कमेंटमध्ये भांडू नका. दोन जीआर शेजारी ठेवून वाचले की कुणालाही दिसेल.

बाईचा उल्लेख मी उगाच करत नाही. आपल्याकडे नवरा बायकोपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठा असतो आणि बायका सरासरी पुरुषांपेक्षा जास्त जगतात. दोन्हींची बेरीज करा. म्हातारपणाची शेवटची वर्षं म्हणजे बहुतेक वेळा एकट्या बाईची वर्षं. त्या काकांच्या ईपीएसमध्ये काका गेल्यावर काकूला निम्मी पेन्शन, हजाराच्या किमान मर्यादेसह. कारखान्यात काम काकांनी केलं, ते खरं. पण काकांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा चार वर्षं कूस बदलून कोण देत होतं? त्या कामाचा पगारही नाही आणि पेन्शनही नाही. आणि काकूची कूस बदलायची वेळ येते तेव्हा ते काम सुनेकडे जातं. सून स्वतः पन्नाशीची असते, तिचे गुडघे आधीच दुखत असतात. पूर्वी हे काम चार जावांत वाटलं जायचं. आता महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी दोनपेक्षाही कमी मुलं आहेत, १.७. तुमच्या पिढीत चार म्हातारी माणसं आणि एक जोडपं, असा हिशेब येणार आहे. पुण्यात चाकणला किंवा हिंजवडीला नोकरी करून शनिवारी रात्री माळीवाडा स्टँडवर उतरणाऱ्यांना मी काय म्हणतेय ते कळलं असेल.

बिल कोण भरतंय, याचं उत्तर माझ्या मते हेच आहे. वाढलेल्या वर्षांचं बिल आज मुख्यतः घरातल्या बायका भरतायत, आणि ते पैशात नसल्यामुळे कुणाला दिसत नाही.

आता जामखेडची ती गोष्ट. जे आजार म्हातारपणाची वर्षं खराब करतात ते बघा: बीपी, साखर, मोतीबिंदू, कमी ऐकू येणं, पडून खुबा मोडणं, विसर पडत जाणं. यातलं जवळजवळ काहीही एका दिवसात होत नाही, आणि बरंचसं मोठ्या हॉस्पिटलशिवाय लांबवता येतं. बीपीचंच घ्या. बीपी दुखत नाही. म्हणून होतं काय, डॉक्टरनं गोळी दिली, महिनाभर घेतली, "आता बरं वाटतंय" म्हणून बंद केली. दोन वर्षांनी एका पहाटे तोंड वाकडं होतं. अर्धांगवायूत मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच द्यावं लागतं. जामखेडच्या एखाद्या वाडीवरून गाडी शोधून, नगरला पोचून, सीटी स्कॅन होईपर्यंत ते तास बहुतेक वेळा संपलेले असतात. म्हणून खरी लढाई त्या पहाटेच्या आधी दोन वर्षं आहे, आणि तिला परत तेच लागतं: घरोघर जाणारी, ओळखीची, पुन्हापुन्हा येणारी बाई. आज ती आशाताई आहे. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा बीपी-शुगरचा फॉर्म भरणं हे तिचं काम आहे, उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात. फक्त आपण आशाताईला अजून बाळंतिणीची आणि लसीची ताई समजतो. तिच्यावर कामं वाढवायची आणि मानधन तुटपुंजं ठेवायचं हेही चालणार नाही. जपाननं २००० साली म्हाताऱ्यांच्या देखभालीसाठी वेगळा विमाच काढला. चाळिशीच्या पुढचा प्रत्येक जण त्यात पैसे भरतो, आणि अंघोळ घालायला, जेवू घालायला घरी माणूस येतो. म्हणजे सुनेचं काम तिथं सगळ्यांनी मिळून वाटून घेतलं. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही. चांगली गोष्ट आहे. पण ती हॉस्पिटलात भरती झाल्यावरची आहे. चष्मा, कानाचं मशीन, रोजची गोळी, रात्री उठून संडासला नेणारं माणूस, हे त्यात येत नाही.

तुमच्या हातात मोबाईल आहे, तर त्यावर होणारी दोन-तीन कामं पटकन सांगते. एक म्हणजे हयातीचा दाखला. दरवर्षी पेन्शनरला मी जिवंत आहे हे सिद्ध करावं लागतं. खडी फोडून, ऊस तोडून, भांडी घासून ज्यांच्या बोटांच्या रेषा गेल्यात त्यांचा अंगठा मशीनवर उठत नाही आणि माणूस बँकेच्या रांगेत जिवंतपणी नापास होतो. आता जीवन प्रमाण ॲप आहे, सोबत आधार फेस आरडी टाकायचं, आणि चेहऱ्यावरून घरबसल्या काम होतं. आजोबांना खाटेवरून उठावंही लागत नाही. वय वंदना कार्डही आयुष्मान ॲपवरून काढता येतं. ७५ च्या पुढे एसटी फुकट आहे, ६५ ते ७५ अर्ध्या तिकिटात, हे त्यांना तुमच्याआधीच माहीत असतं.

दुसरं काम मोबाईलवर होत नाही. आजोबा हयात असतानाच आजीचं नाव सातबाऱ्यावर कसं लावता येईल ते तलाठ्याकडे विचारा. आजोबा गेल्यावर वारस म्हणून तिचं नाव लागायलाच हवं, पण तेराव्याच्या आतच तिच्यापुढे हक्कसोड पत्र ठेवलं जातं आणि ती अंगठा देते, "पोरंच तर आहेत" म्हणून. शेतकरी संघटनेनं शरद जोशींच्या काळात लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, नवऱ्यानं स्वतःहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. ती मोहीम आज परत हवी. जमीन मुलाला द्यायचीच असेल तर "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द दस्तात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, अट मोडली तर ते बक्षीसपत्र रद्द करता येतं. त्याच कायद्यात प्रांताधिकाऱ्यापुढे पोटगी मागता येते, महिना दहा हजारांपर्यंत. वकील लावायची गरज नाही. लातूर जिल्हा परिषदेनं तर आईवडिलांना न सांभाळणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून तीस टक्के कापून आईवडिलांना द्यायचं ठरवलं. पण खरं सांगू? आपल्याकडची आई मुलाविरुद्ध अर्ज करत नाही. म्हणून कागद भांडणाआधी व्हायला हवा, नंतर नाही.

आणि आता तुमच्याबद्दल, कारण इअरफोन घालून ऐकणारे बहुतेक विशीतले आहात. अटल पेन्शन योजनेची जाहिरात बघितली असेल. अठराव्या वर्षी सुरू केलं तर महिना २१० रुपये भरायचे आणि साठीपासून महिना ५,००० रुपये, हमीसह. वाचायला भारी वाटतं. आता आपला तोच हिशेब लावा. सहा टक्के महागाई, बेचाळीस वर्षं. तेव्हाचे पाच हजार म्हणजे आजचे साधारण ४३३ रुपये. काकांच्या १,३९३ चे वीस वर्षांनी झाले होते ४३४. गंमत म्हणून योगायोग, पण बघा, आपण त्याच जागी येऊन पोचलो.

याचा अर्थ योजना घेऊ नका असा नाही. डिलिव्हरी करणाऱ्या, सुप्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर असणाऱ्या पोराकडे दुसरं काहीच नसेल तर हमीची ही रक्कमही सोडू नका, नवरा-बायकोपैकी एक गेलं तर दुसऱ्याला ती चालू राहते. पण तेवढ्यावर थांबू नका. पगार वाढेल तशी दुसरी बचत वाढवत न्या आणि बायकोच्या नावानं वेगळी करा. साठीनंतरची अठरा वर्षं आजच्या साठीच्या माणसाची आहेत, तुमची कदाचित पंचवीस असतील.

आज एवढंच. तुमच्या घरी बीपीच्या गोळ्यांची आठवण कोण ठेवतं, त्या माणसाचं वय काय आणि त्याच्या गोळ्यांची आठवण कोण ठेवतं, हे व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात सातबाऱ्यावर बाईचं नाव लावायला नक्की कुठले कागद लागतात ते बघू. येते मी.